सोडून गेलेल्यांच्या यादीतल्या काकांना

प्रिय काका,

त्या संध्याकाळी मी फोन केला तेव्हा ना तुम्ही मला ओळखत होतात, ना मी तुम्हाला. माझ्या हातात फक्त एक छापील यादी होती: एका सँडविच कंपनीची फ्रँचायझी आदल्या वर्षात सोडून गेलेल्या लोकांची. ११ नावं. सातवं आडनाव मराठी दिसलं आणि मी तिथेच थांबले. तुम्ही इंग्रजीत "हॅलो" म्हणालात, मी नाव सांगितलं, आणि तुमचं पुढचं वाक्य होतं, "मग मराठीतच बोल की. वही-पेन घेऊन बसलीयेस ना?"

तुम्ही सांगितलंत म्हणून तुमचं नाव इथे लिहीत नाही. पण पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण व्हिसासाठी धंदा शोधणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांना मी तेव्हा करत होते तीच चूक करताना पाहतेय.

मी कॅनडाची नागरिक, त्यामुळे अमेरिकेचा ई-२ व्हिसा, म्हणजे तिथे धंद्यात पैसे गुंतवून तो स्वतः चालवणाऱ्यांचा व्हिसा, मला खुला होता. (भारताचा अमेरिकेशी तसा करार नाही, म्हणून भारतीय पासपोर्टवर ही वाट नाही. तिथे मग ईबी-५ हा गुंतवणुकीवर ग्रीन कार्डाचा मार्ग उरतो, म्हणजे २०२२ च्या कायद्याप्रमाणे किमान ८ लाख डॉलर आणि १० जणांना पूर्णवेळ नोकरी.) ई-२ ला किमान रकमेचा आकडा ठरलेला नाही. धंद्याच्या एकूण खर्चाच्या मानाने तुमची रक्कम भरीव हवी, ती खरोखर धंद्यात गुंतलेली हवी, आणि धंदा तुमचं घर कसंबसं चालवण्यापुरता नको. एवढं वाचून मी काय केलं? कमीत कमी पैशांत या अटींत बसेल अशी फ्रँचायझी शोधायला निघाले. माझ्या कोष्टकात २७ ब्रँड होते आणि 'हे काम मला जमेल का' असा एकही रकाना नव्हता.

एक दलाल मदत करत होता. त्याची फी मला पडत नाही, याचंच मला अप्रूप. तुम्ही विचारलंत, "मग त्याला पैसे कोण देतं?" फ्रँचायझी विकणारी कंपनी देते. हे त्याने लपवलं नव्हतं, मीच कधी विचारलं नव्हतं. तो म्हणायचा, मॅनेजर ठेवा, तुम्हाला तिथे असायचीही गरज नाही. तुम्ही तिथल्या तिथे थांबवलंत: ई-२ मिळतो तो धंदा स्वतः उभारून चालवणाऱ्याला. 'मालकाने न येता चालतो' हीच ज्या ब्रँडची जाहिरात, तो या व्हिसाच्या मुलाखतीत तुझ्याच अंगावर येईल. आणि मग तो प्रश्न: "व्हिसा मिळाला असं धर. मंगळवारी दुपारी अडीच वाजता त्या दुकानात तू काय करत असशील?"

मला उत्तर देता आलं नाही.

तुमचं दुकान का सुटलं हे मी विचारलं तेव्हा तुम्ही थोडा वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "बाहेर पडताना एका कागदावर सही केलीय. जे बोलायचं नाही ते मी बोलणार नाही. पण जे छापलंय ते वाचायला शिकवतो." आणि खरंच, कंपनीबद्दल एक वाकडा शब्द न काढता तुम्ही मला ती २३ आयटमांची एफडीडी, म्हणजे फ्रँचायझी विकण्याआधी कंपनीने द्यायचा माहितीचा दस्तऐवज, वाचायला शिकवलीत. त्याआधी मी फक्त आयटम ७ पाहत होते, सुरुवातीला किती घालावे लागतील तेवढंच. तुम्ही म्हणालात, आधी आयटम ६ बघ. रॉयल्टी, म्हणजे कंपनीला नियमित द्यायचा हिस्सा, कशावर आहे? विक्रीवर, नफ्यावर नाही. जाहिरातीचा निधीही विक्रीवर. म्हणजे ज्या आठवड्यात तुला तोटा होईल त्या आठवड्यातही ते पैसे आधी जातील, मग भाडं, पगार, माल, आणि उरलं तर तू.

पण आयटम २० तुम्ही जसा उलगडलात तसा मला कुणी वकीलही उलगडून सांगू शकला नव्हता. गेल्या तीन वर्षांत किती दुकानं उघडली, किती बंद झाली, एवढं मी पाहिलं होतं आणि बंद झालेली कमी दिसली म्हणून खूश होते. तुम्ही बोट ठेवलंत ते ट्रान्सफरच्या तक्त्यावर. दुकान चालू, पाटी तीच, मालक मात्र बदललेला. सगळेच तोट्यात जाऊन विकत नाहीत, हेही तुम्हीच सांगितलंत. पण इतके जण विकत असतील तर का, हे त्यांनाच विचारायचं. त्याचसाठी यादी आणि फोन नंबर छापलेले असतात. तुमच्यानंतर मी आणखी १४ जणांना फोन केले. पाच जण बोलले. त्या पाच जणांमुळे माझ्या कोष्टकातले २० ब्रँड गेले.

दलालाने एकदा एका ब्रँडच्या मासिक कमाईचा आकडा कागदावर लिहून दिला होता. तुम्ही म्हणालात, हाच आकडा आयटम १९ मध्ये दाखव म्हणावं. कमाईचे आकडे द्यायचे की नाही हे कंपनीच्या मर्जीवर असतं, पण द्यायचे तर तिथेच आणि आधारासकट. त्या कंपनीचा आयटम १९ रिकामा होता. मी विचारलं, आणि त्या आकड्याचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट 'या शुक्रवारपर्यंत सही करा' अशी घाई सुरू झाली. तेव्हाही तुमचंच वाक्य कामी आलं: कागद हातात पडल्यापासून सही किंवा पैसे देईपर्यंत किमान १४ दिवस मिळालेच पाहिजेत, तो कायदा आहे, कुणाचे उपकार नाहीत.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी मी आयुष्यभर ऋणी राहीन. करार १० वर्षांचा, जागेचं भाडं माझ्या वैयक्तिक हमीवर, आणि व्हिसा कॅनडाच्या पासपोर्टवर फार तर ५ वर्षांचा, तोही मिळाला तर. या तिन्ही गोष्टी तुम्ही मला एकाखाली एक लिहायला लावल्यात. त्यावरून मी वकिलाला सांगितलं की रक्कम एस्क्रो खात्यात, म्हणजे तिऱ्हाइताकडे, ठेवायची, व्हिसा मिळाला तरच कंपनीला जाईल, नाहीतर परत. ही अट ई-२ च्या नियमांना चालते. दोन कंपन्यांनी नकार दिला. तिसरीने मान्य केली.

ती तिसरी म्हणजे मुलांच्या शिकवणीचं केंद्र. ११ वर्षं मी गणित शिकवलं, तरी तो ब्रँड माझ्या कोष्टकात तळाशी होता, कारण आकड्यांत तो सगळ्यात आकर्षक नव्हता. सही करण्याआधी तुमच्या सांगण्यावरून दोन दिवस एका चालू केंद्रात बसून राहिले. दुपारी अडीचला मालकीणबाई पालकांना फोन करत होत्या, चारला मुलं येणार म्हणून वह्या लावत होत्या. मला तिथून उठवेना.

टोरांटोच्या मुलाखतीत अधिकाऱ्याने पैशांचा माग काढला, किती जणांना कामावर घेणार ते विचारलं, आणि मग विचारलं की रोज तुम्ही स्वतः काय कराल. काका, मी अडीचपासून सुरुवात केली.

केंद्र सुरू होऊन आठ महिने झाले. मुलांची संख्या ठरवलेल्या आकड्याच्या थोडी मागे आहे, हेही तुम्हाला खरंखरं सांगते. रॉयल्टी दर महिन्याला आधी जाते. पण माझी झोप शाबूत आहे.

आता माझंही नाव आयटम २० मध्ये छापलंय, चालू केंद्रांच्या यादीत. गेल्या रविवारी एका मुलीचा फोन आला, तीही ई-२ साठीच शोधतेय. दीड तास बोललो. तिला सोडून गेलेल्यांशीही बोलायचंय, आणि तिने निवडलेल्या सात ब्रँडमध्ये तुमची जुनी कंपनी आहे. तिला तुमचा नंबर मी अजून दिलेला नाही. आधी तुम्हाला विचारते, देऊ का?

तुमची,
सातव्या नावावर थांबलेली