'आपल्या गोंयच्या लेकीला मत द्या' : कला व संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

माननीय कला व संस्कृती मंत्री,
गोवा सरकार, पणजी.

सादर नमस्कार.

टीव्ही तुमच्या खात्यात येत नाही, ते दिल्लीचं काम, हे ठाऊक आहे. तरी पत्र तुम्हालाच लिहितेय. गोव्यातलं पोर मुंबईच्या गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये पोचलं की नाक्यानाक्यावर 'आपल्या गोंयच्या लेकीला मत द्या' असे फलक लागतात आणि त्यांवर पुढाऱ्यांचे हसरे फोटो असतात. पाच वर्षांपूर्वी अशा एका फलकावर मी होते.

निवड झाल्यावर त्या शोची माणसं फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी दोन दिवस शूटिंगला आली. बाबा वीज खात्यात नोकरीला, आणि देवळात भजनाला पेटी वाजवतात. नोकरीचा उल्लेख कुठेच आला नाही. बाबांना मात्र पेटी डोक्यावर घेऊन शेताच्या बांधावरून सहा वेळा चालवलं, कारण ऊन नीट पडत नव्हतं. आमची पेटी आजवर गाडीशिवाय कुठे गेलेली नाही! स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीवर चादर टाकली. मग न्हाणीतलं आंघोळीच्या पाण्याचं भाण उतरवून त्या चुलीवर आईला भात शिजवायला बसवलं. आईला हसू आवरेना, तर 'हसू नका' म्हणाले. एपिसोड लागला तेव्हा मागे बासरी होती, आणि आजी स्वतःच्याच घरची गरिबी बघून डोळे पुसत होती.

तोवर सगळं हसण्यावारी नेलं. खोटं मीही बोलले, हे कबूल करते. 'हे स्टेज म्हणजेच माझं देऊळ' हे वाक्य मला लिहून दिलं होतं, आणि दुसऱ्या टेकला मी ते डोळ्यांत खरं पाणी आणून म्हटलं.

पण मतांचं तसं नाही. मी बाहेर पडले तो भाग मंगळवारी चित्रित झाला. मत देण्याची पट्टी शुक्रवारी रात्री टीव्हीवर फिरत होती. त्या रात्री मावशीचा फोन आला, "तेवीस मोबायल जाले गो, आनीक कोणाचो हाडूं?" वाड्यावरचे सगळे मोबाइल तिने आमच्या पडवीत गोळा केले होते. मी म्हटलं, पुरे. माझी बॅग भरून पलंगावर ठेवलेली होती, आणि करारामुळे तेवढंही सांगायची सोय नव्हती.

तो करार चाळीस पानांचा, इंग्रजीत, रात्री अकराला हॉटेलच्या लॉबीत पुढ्यात आला. वाचायला वेळ मागितला, तर माझ्या मागच्या मुलीला पुढे बोलावलं. प्रत अजून मिळायची आहे.

ब्रिटनमध्ये असंच उघडकीला आलं होतं. निवड आधीच झालेली आणि प्रेक्षक पैसे मोजून फोन करताहेत. तिथल्या ऑफकॉम या नियामकाने २००८ साली आयटीव्ही या वाहिनीला ५६ लाख ७५ हजार पौंडांचा दंड केला. आपल्याकडेही २०२१ च्या केबल टीव्ही नियमांप्रमाणे प्रेक्षकाने तक्रार केली की वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. म्हणजे मावशी तक्रार करू शकते. पण तिला कळणार कुठून? ज्यांना कळतं, त्यांनी सही केलेली असते.

परतल्यावर एक वर्ष जत्रांच्या कार्यक्रमांचं गेलं. 'टीव्हीर तुजो आवाज वेगळो लागतालो' असं तोंडावर ऐकलं. वेगळा होताच, कारण प्रसारणाआधी सूर मशीनवर सरळ केले जातात. टीव्हीवरची ती मुलगी मलाही आवडली होती. मग एका मुलाखतीत मी मंगळवार-शुक्रवारचं बोलून गेले. आठवड्याभरात वकिलाची नोटीस आली, आणि गावात 'हरलं म्हणून बोलता' सुरू झालं. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत आमचं पथक हरलं तेव्हा बाबा परीक्षकांशी तावातावाने भांडले होते. तिथे निदान भांडायला माणूस समोर होता.

मागणं मोठं नाही. कला अकादमीत एक वकील बसवा. अशा कार्यक्रमात निघालेल्या गोव्यातल्या मुलामुलींचा करार त्याने सहीआधी वाचावा आणि घरच्यांना कोकणी-मराठीत समजावून सांगावा. आणि जो कार्यक्रम मतांचे आकडे जाहीर करत नाही, त्याच्यासाठी सरकारातल्या कुणीही मत मागू नये, फलकावर फोटो तर नकोच.

आता मी गाणं शिकवते. माझी नऊ वर्षांची एक विद्यार्थिनी ऑडिशनच्या पहिल्या फेरीतून पुढे गेली आहे. २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, हे मी तिच्या आईला सांगितलं. मी वयाने मोठी होते, पण पहाटे तीनपर्यंत मेकअपमध्ये बसलेली आहे. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टीचर, घरी शूटिंगला येतात तेव्हा काय काय तयार ठेवायचं?"

मी तिला म्हटलंय, सही करायला पंधरा दिवस थांबा, मंत्र्यांना पत्र लिहिलंय.

आपली,
फोंडा तालुक्यातील एक गायिका