होळीच्या आत वखर फिरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालाघाटचा माळ असो, गौताळ्याच्या कडेची गावे असोत की किनवट-माहूरचे सागाचे जंगल, फेब्रुवारीच्या मध्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंतचा काळ वणव्याचा. धूर दिसला की गावात फोनाफोनी सुरू होते. ती हवीच. पण तालुक्याहून निघालेला बंब येईपर्यंत वाळले गवत थांबत नाही, आणि बंब आला तरी तो डोंगर चढत नाही. आखाडा (शेतातली वस्ती), कोठा (गोठा) आणि कडबा वाचतो तो आधी उघड्या केलेल्या जमिनीच्या पट्ट्यामुळे. तो होळीच्या आत झाला पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र.

पट्टा किमान 15 फुटांचा असावा. हिशोब सोपा आहे: ज्वाळेच्या उंचीच्या दुप्पट तरी रुंदी लागते, आणि कमरेएवढ्या कुसळी गवताची ज्वाळ सहा-सात फूट सहज उठते. उताराच्या खालच्या अंगाला मात्र 30 फूट धरावेत. आग चढाला धावते. ज्वाळ वर झुकून पुढचे गवत आधीच तापवते. उतार 10 अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. वखराच्या दोन पाळ्या मारल्या की काम झाले असे आपण समजतो, तिथेच चूक होते. उपटलेले गवत आणि धसकटे पट्ट्यातच पडून वाळतात आणि आगीला पलीकडे जायला वाट करून देतात. ती वेचून बाहेर काढावी लागतात. दुसरी चूक पानगळीची. जानेवारीत केलेला पट्टा मार्चमध्ये पानांनी भरून जातो. आठवड्याला एकदा झाडला नाही तर तो असून नसल्यासारखा.

पट्टा जाळून करू नये. वन विभाग जाळरेषा (आग अडवण्यासाठी आधीच जाळून ठेवलेला पट्टा) जाळतो तेव्हा माणसे उभी करून, वेळ आणि वारा पाहून जाळतो. आपल्याकडे एकटा माणूस भर दुपारी धुरा (बांध) पेटवतो, वारा फिरतो आणि आग शेजारच्या गायरानात जाते. ‘जाळले की गवत जोमाने येते’ हा समजही सोडायला हवा. कुसळीचे टोकदार बी मातीत स्वतःला रोवून घेते आणि आगीतून वाचते. त्यामुळे दरवर्षी जळणाऱ्या माळावर कुसळी वाढत जाते आणि जनावरे आवडीने खातात ते गवत कमी होते. शिवाय राखीव वनाला आग लावणे हा भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे.

कडब्याची एकच मोठी गंजी लावण्यापेक्षा दोन लहान लावाव्यात, कोठ्यापासून 50 फूट दूर, आणि विजेच्या तारांखाली तर मुळीच नाही. तारा लोंबकळत असतील तर महावितरणला 1912 वर आत्ताच कळवावे. आखाड्यावर 200 लिटरचा ड्रम कायम भरलेला असावा. मोटार चालू करून पाणी मारू, हा भरवसा खोटा ठरतो: शेतीची वीज पाळीने येते आणि आगीत ती बंद करावीच लागते. फवारणीचा पंप उपयोगी पडतो, पण औषध राहू नये म्हणून तो तीनदा धुऊन साध्या पाण्याने भरून ठेवावा. जनावर साखळीने बांधू नये. एका ओढीत सुटेल अशी दाव्याची गाठ असावी आणि दाराशी कोयता टांगलेला असावा. जनावरे सोडली की दार लावून घ्या. घाबरलेले जनावर ओळखीच्या कोठ्याकडेच परत पळते.

आता सर्वांत काळजीची गोष्ट. वणव्याचे दिवस सुरू होतात तेव्हा बीड आणि आसपासच्या डोंगरपट्ट्यातली तरणी माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. तांड्यावर, वाडीवर म्हातारी माणसे आणि लेकरे उरतात. आग विझवण्याचा आराखडा ‘गावातले तरुण’ धरून केला असेल तर तो कागदावरच राहतो. ग्रामपंचायतीने घरोघर जाऊन यादी करावी: कोणाला चालता येत नाही, कोणाला दमा आहे, कोण गरोदर आहे, आणि प्रत्येकाला बाहेर काढायला कोण जाणार. जमायची जागा नांगरलेले वावर किंवा शाळेचे पटांगण असावे आणि तिथे जायच्या दोन वाटा ठरलेल्या असाव्यात. भोंग्यावरून नुसते ‘आग लागली’ सांगून भागत नाही. कुठल्या अंगाने येते आहे आणि कुठल्या वाटेने निघायचे हेही सांगावे. आधार, सातबारा, पासबुक, रोजची औषधे आणि विजेरी एका पिशवीत तयार ठेवावी.

कळवण्यासाठी वन विभागाचा 1926, अग्निशमनाचा 101 आणि आणीबाणीचा 112 हे क्रमांक घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा उपग्रहावरचा इशारा नोंदणी केल्यास मोबाईलवर येतो. पण उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो, म्हणून डोंगरावरच्या गुराख्याचा फोन आधी पोचतो.

आग विझवायला जाणाऱ्यांनी सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घालावेत. टेरिकॉट आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटते. रुमालाने राख अडते, धूर अडत नाही. निर्गुडीची किंवा कडुलिंबाची पाच-सहा फुटांची ओली फांदी आगीवर दाबून ओढावी. उंच उचलून आपटली की ठिणग्या उडून मागे नवी आग लागते. जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर पाय ठेवून बगलेने पुढे सरकावे. आगीच्या तोंडासमोर आणि चढावर कधीही उभे राहू नये. ज्वाळ कमरेच्या वर गेली की झोडपणे थांबवून मागच्या रस्त्यावर किंवा पट्ट्यावर यावे. पाच जणांत एकाने फक्त वारा पाहत उभे राहावे. दिवस मावळल्यावर उतारावरचा वारा उलटा, खाली वाहू लागतो, तेव्हा दुपारी सुरक्षित असलेली जागा सुरक्षित राहत नाही. रात्री कठडा नसलेल्या विहिरींचेही भान ठेवावे. घेरले गेलात तर वर पळू नका, घळीत शिरू नका. घळ धुराड्यासारखी आग ओढते. जळालेली किंवा नांगरलेली जमीन गाठा.

ज्वाळा दिसेनाशा झाल्या तरी वाळले खोड, उकिरडा आणि शेणाच्या पोवट्या आतून धुमसत राहतात. हाताची पालथी बाजू जवळ नेऊन धग पाहावी, पाणी-माती घालून उकरावे, पुन्हा पाणी घालावे. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटतो त्या वेळी कोणीतरी तिथे राखणीला असलेच पाहिजे.

कोणी भाजले तर त्या जागेवर 20 मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ काहीही लावू नये. चिकटलेले कापड ओढू नये. बांगड्या, अंगठ्या आणि जोडवी सूज चढण्याआधी काढावीत, स्वच्छ सुती कापड सैल झाकावे आणि 108 ला फोन करावा.

– वणवा विझवण्याचे काम करणारे काही ग्रामस्थ, बालाघाट परिसर