रुदरफोर्डच्या अणुप्रारूपाची त्रुटी अर्धवट शिकवू नका

संपादक महोदय,

‘रुदरफोर्डच्या अणुप्रारूपातील त्रुटी सांगा’ हा नववीचा ठरलेला प्रश्न. हे प्रारूप म्हणजे अणूच्या मधोमध धनप्रभारित केंद्रक आणि त्याभोवती ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन. गोव्यात माध्यमिकचे विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून असल्याने मुले शिकवणीच्या नोट्समधली एकच ओळ घोकतात : केंद्रक धन, इलेक्ट्रॉन ऋण, म्हणून इलेक्ट्रॉन केंद्रकात ओढला जाईल. हे कारण चुकीचे आहे. सूर्यही पृथ्वीला ओढतोच, तरी ती सूर्यात पडत नाही. त्या ओढीमुळेच ती कक्षेत राहते.

खरी अडचण पुढे आहे. इलेक्ट्रॉन स्थिर असता तर सरळ केंद्रकावर आदळला असता, म्हणून तो फिरता मानावा लागतो. फिरताना चाल तीच राहिली तरी दिशा क्षणोक्षणी बदलते, म्हणजेच त्वरण (वेगातला बदल) आले. आणि त्वरण असलेला विद्युतप्रभार प्रारणाच्या, म्हणजे प्रकाशासारख्या लहरींच्या, रूपाने ऊर्जा गमावतो, असे मॅक्सवेलचा सिद्धांत सांगतो. ऊर्जा घटली की कक्षा आवळते. हायड्रोजनमध्ये ०.५३ अँगस्ट्रॉम त्रिज्येपासून हिशेब केला तर अवघ्या १६ पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) अणू कोसळायला हवा! १९११च्या निबंधात रुदरफोर्डने स्थैर्याचा हा प्रश्न जाणूनबुजून बाजूला ठेवला होता. त्याला आधी सोन्याच्या वर्खावरून मागे फिरणाऱ्या धनप्रभारित अल्फा कणांचा उलगडा करायचा होता.

दुसरी त्रुटी तर नोट्समध्ये नसतेच. इलेक्ट्रॉन आत घसरताना त्याच्या फेऱ्यांची वारंवारता आणि तिच्यासोबत बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचीही वारंवारता सतत वाढत जाईल, म्हणजे प्रकाशाचा अखंड पट्टा दिसायला हवा. प्रत्यक्षात हायड्रोजन ६५६, ४८६, ४३४ नॅनोमीटरच्या सुट्या रेषा देतो. त्यांचा मेळ १९१३ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ नील्स बोरने घातला. हेलियमपाशी मात्र त्याचेही गणित अडले.

सुट्या रेषा वर्गात दाखवणे अवघड नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या एका बाजूला दोन ब्लेडच्या धारा समोरासमोर चिकटवून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा अरुंद फट ठेवावी. समोरच्या टोकाला जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवून वरच्या भोकातून पाहावे. फट रुंद झाली की रेषा एकमेकींत मिसळतात आणि प्रयोग फसतो. दिवा सीएफएल घ्यावा. त्यातल्या पाऱ्याची हिरवी रेषा ठसठशीत दिसते. पांढरा एलईडी चालत नाही, त्याचा पट्टा सलग असतो. सूर्याकडे मात्र मुळीच रोखू नये.

उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना विनंती, की ‘त्वरण’ आणि ‘प्रारण’ या दोन पायऱ्या नसलेल्या उत्तराला पूर्ण गुण देऊ नयेत.

— एक विज्ञान शिक्षक, फोंडा