शोभेच्या मिरचीच्या पाकिटातील चुकीच्या माहितीपत्रकाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘पानांच्या रंगावरून रोपे ओळखा’ हे माहितीपत्रक मागे घेण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचे शोभेच्या मिरच्यांचे मिश्र पाकीट मी ऑनलाइन मागवले होते. पाकिटावर ब्लॅक पर्ल, पर्पल फ्लॅश, मेड्युसा आणि न्यूमेक्स ट्वायलाइट अशी चार नावे आहेत, पण बी सगळे एकाच पुडीत. उगवण उत्तम झाली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबतच्या कागदाबद्दल. त्यात लिहिले आहे की, चार पाने आली की काळे रोप ब्लॅक पर्ल, जांभळे-पांढरे पर्पल फ्लॅश आणि हिरवे ते मेड्युसा, बिनतिखट, लहान मुलांच्या घरात ठेवण्याजोगे. ट्वायलाइटचा उल्लेखच नाही.

ट्वायलाइटची पानेही हिरवीच असतात आणि मिरची चांगली झणझणीत असते. ब्लॅक पर्ल हे अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेले वाण, २००६ साली नव्या वाणांची चाचणी घेणाऱ्या ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ या संस्थेचा पुरस्कार मिळालेले. त्याचीही कोवळी रोपे हिरवी असतात. रोप वाढेल आणि भरपूर ऊन मिळेल तशी पाने काळी पडत जातात. हा काळा-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. ट्रे सावलीत किंवा हिरव्या जाळीखाली असेल तर तो नीट चढत नाही. उलट थंडीत किंवा स्फुरद (फॉस्फरस) कमी पडले तर साध्या भाजीच्या मिरचीची पानेही खालून जांभळी दिसतात. म्हणजे आपल्या कागदानुसार ‘हिरवे’ ठरणारे रोप चारपैकी तीन वाणांचे असू शकते! पर्पल फ्लॅश तेवढे चांगल्या उन्हात लवकर ओळखू येते.

आणि तिखटपणाचा पानांच्या रंगाशी काहीच संबंध नाही. तो फळातल्या कॅप्सेसिनवर ठरतो, रोपाकडे पाहून कळत नाही. मेड्युसा आणि ट्वायलाइट यांतला फरक फळे धरल्यावरच दिसतो : मेड्युसाची फळे लांब, पिळदार, आधी फिकट पिवळसर, ट्वायलाइटची छोटी, सुरुवातीला जांभळी.

आपल्या कागदावर विश्वास ठेवून मी एक हिरवे रोप शेजारी दिले. त्या घरात लहान मूल आहे, म्हणून मुद्दाम बिनतिखट निवडले होते. झाडाला जांभळ्या, पिवळ्या, केशरी, लाल मिरच्या लागल्या. इतके रंग एकाच झाडावर पाहून मूल हात लावणारच. त्याने एक तोडून चावली आणि तोच हात डोळ्यांना लावला. त्याचे रडणे थांबेपर्यंत आम्हा सगळ्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. हे सरळसरळ चुकीच्या माहितीमुळे घडले, आणि याचा मला अतिशय संताप आहे.

माझ्या मागण्या अशा : हा कागद ताबडतोब मागे घ्यावा आणि पाकीट घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला तसे कळवावे. यापुढे प्रत्येक वाणाचे बी वेगळ्या पुडीत द्यावे, पुडीवर तिखट की बिनतिखट हे ठळक मराठीत छापावे. माझे पैसेही परत करावेत, पण ग्राहकांना कळवण्याचे काम त्याआधी व्हावे, कारण अजून कुणाकुणाच्या घरी अशी रोपे वाढत असतील.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन. पाकिटाचा, कागदाचा आणि फळे धरलेल्या झाडाचा फोटो सोबत जोडला आहे.

आपली,
एक ग्राहक, नाशिक