बाई, ती पंधरा दिवसांची खिडकी पाहिली

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

इंग्लंडहून परत येऊन तीन आठवडे झाले. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून आता लिहूनच काढते आहे. आणि चारचौघांनी वाचावं असं लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे सांगितलंत ते आपल्याकडे कलेचा इतिहास शिकणाऱ्या मुलांना अजूनही कुणी नीट सांगत नाही.

सुरुवात त्या उलट्या स्लाइडपासून करते. एम.ए.च्या पहिल्या वर्षी तुम्ही इंग्लंडमधल्या यॉर्कच्या ‘ऑल सेंट्स, नॉर्थ स्ट्रीट’ या लहानशा चर्चची रंगीत काचांची खिडकी दाखवत होतात. स्लाइड उलटी बसली होती. तुम्ही पडद्याजवळ गेलात, चित्राच्या खालच्या कडेवर बोट ठेवलंत नि म्हणालात, “अक्षरं उलटी दिसतायत. काढ ती, फिरवून लाव.” मी लावली. मग तुम्ही विचारलंत, “भाषा कुठली?” आम्ही सगळ्यांनी लॅटिन म्हटलं. ती इंग्रजी होती. चौदाव्या शतकातल्या एका इंग्रजी काव्याच्या ओळी, १४१०च्या सुमारास काचेवर लिहिलेल्या. जग संपण्याआधीचे पंधरा दिवस. पहिल्या दिवशी समुद्र चढतो, दुसऱ्या दिवशी उतरतो, चौथ्या दिवशी समुद्रातले जीव वर येतात. पुढे माणसं बिळांत लपतात, तारे गळून पडतात, आणि पंधराव्या दिवशी सगळं जळून जातं. डावीकडून, अगदी खालून सुरुवात करायची आणि वर वर चढत जायचं. देवळातली सगळी भाषा लॅटिन असताना हे एवढंच लोकांच्या बोलीत का लिहिलं असेल, असं तुम्ही विचारलंत. उत्तर दिलं नाहीत. “शके १२१२ आठवा,” एवढंच म्हणालात आणि तास संपला.

ज्ञानेश्वरीचं ते साल त्या खिडकीशेजारी ठेवून पाहायचं मला कधीच सुचलं नसतं. तो प्रश्न पुढे माझ्या डोक्यातून गेला नाही.

मग मी साताऱ्याला शाळेत चित्रकला शिकवायला लागले. एका ठिकाणी पीएच.डी.साठी विचारायला गेले, तर “इथे बसून इंग्लंडच्या काचा कशाला?” असं म्हणून परत पाठवलं. तुम्हाला फोन केला तेव्हा मी रडत होते. तुम्ही समजूत घातली नाहीत. “रविवारी मुंबईला ये,” म्हणालात.

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आपण तीन तास होतो. १८५८ सालचं चर्च, विल्यम वेल्स या न्यूकॅसलच्या कारागिराच्या काचा. मध्ययुगातली रीत एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांनी पुन्हा कशी हस्तगत केली, ते तुम्ही तिथे उभं राहून दाखवलंत. रंग काचेच्या अंगातला कुठे आणि वरून रंगवून भट्टीत पक्का केलेला कुठे, शिशाची पट्टी चेहऱ्याला कशी वळसा घालून जाते, पिवळा रंग चांदीच्या क्षारातून कसा उमटतो. मी वहीत नुसत्या पट्ट्या काढत बसले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला काच वाचता आली.

घरी जाताना तुम्ही माझ्या हातात नवं कालनिर्णय दिलंत. त्यात पेन्सिलीने खुणा होत्या. त्या खुणांचा अर्थ इथे मुद्दाम लिहिते, कारण तो इतरांनाही लागेल.

३१ ऑगस्ट म्हणजे लीड्स. लीड्स विद्यापीठात १९९४पासून दर जुलैच्या सुरुवातीला मध्ययुगाच्या अभ्यासकांची चार दिवसांची परिषद भरते. एकट्याचा निबंध असेल तर आदल्या वर्षीच्या ३१ ऑगस्टपर्यंत सारांश पाठवायचा. अख्खं सत्र ठरवून द्यायचं असेल तर ३० सप्टेंबरपर्यंत. दर वर्षी एक खास विषय असतो, पण त्याबाहेरचाही निबंध चालतो. एकट्याने आलेल्यांना तेच लोक जुळणाऱ्या सत्रात बसवतात. विद्यार्थी, कुठल्या संस्थेत नसलेले अभ्यासक, पश्चिम युरोपाबाहेरून येणारे, अशांना खर्चात मदतही मिळू शकते, फक्त ती वेगळी मागावी लागते. मे महिन्यावर तुम्ही ‘कालामझू’ लिहिलं होतंत. अमेरिकेत मिशिगनमधलं हे मध्ययुगाच्या अभ्यासकांचं संमेलन १९६२ साली सुरू झालं. ब्रिटिश आर्किऑलॉजिकल असोसिएशन ही १८४३ सालची संस्था दर वर्षी एखादं गाव किंवा कॅथीड्रल निवडून तिथेच परिषद भरवते आणि त्यासाठी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते. लंडनच्या कोर्टोल्ड संस्थेत पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी मध्ययुगीन कलेची वेगळी बैठक असते. न्यूयॉर्कमध्ये १९५६पासून मध्ययुगीन कलेची एक आंतरराष्ट्रीय संस्था काम करते, तिच्याकडेही प्रवासखर्चासाठी अर्ज करता येतो.

आणि शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलं होतंत, “जायला मिळेपर्यंत घरी बसून बघ.” अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाची मध्ययुगीन चित्रविषयांची सूची १९१७पासून तयार होते आहे, २०२३च्या जुलैपासून ती कुणालाही पैसे न देता वापरता येते. ब्रिटनमधल्या मध्ययुगीन काचांचे हजारो फोटो कॉर्पस व्हिट्रिएरम या प्रकल्पाने उघडे ठेवले आहेत. शाळा सुटल्यावर मी दोन वर्षं हेच करत होते.

पण बाई, ज्यासाठी खरं पत्र लिहायला बसले ती गोष्ट याहून लहान आहे. लीड्ससाठीच्या सारांशाचा पहिला मसुदा मी तुम्हाला पाठवला. सुरुवातीच्या सहा ओळींत मी लिहिलं होतं की मी भारतातली आहे, कुठल्या विद्यापीठात नाही, शाळेत शिकवते, मूळ खिडकी अजून पाहिलेली नाही, तरी संधी द्यावी. तुम्ही त्या सहाही ओळींवर काट मारलीत. समासात लिहिलंत, “तू कोण हे त्यांनी विचारलेलं नाही. तुला काय दिसलं ते विचारलंय.” काट मारल्यावर उरलेलं पहिलं वाक्य असं होतं: ‘या खिडकीतला मजकूर चित्राचा अर्थ सांगण्यासाठी नसून चित्रासमोर मोठ्याने म्हणण्यासाठी लिहिला असावा.’ मला वाटतं, निवड त्या वाक्यामुळे झाली. ते माझंच होतं, पण सहा ओळींच्या खाली पुरलेलं होतं. तुम्ही ते उकरून काढलंत.

लीड्सला वीस मिनिटं मिळाली. पोथीतली ओवी आधी म्हणायची नि मग तिचं निरूपण ऐकायचं, ही आपली सवय मी सांगितली, पण जपून; दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असं कुठेही म्हटलं नाही. त्यावर दोघांनी प्रश्न विचारले. एका वयस्कर बाईंनी नंतर थांबून, तळाशी गुडघे टेकून बसलेल्या दात्यांची कुटुंबं त्या ओळी म्हणत असतील का, असं विचारलं. हा प्रश्न मला पडायला हवा होता. पुढचं काम तिथूनच आहे.

परिषद संपल्यावर रेल्वेने यॉर्कला गेले. आधी मिन्स्टर, म्हणजे तिथलं मोठं कॅथीड्रल, कारण तुम्ही बजावलं होतंत. पूर्वेची महाखिडकी जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत पुरी केली; सगळे मिळून ५६ पौंड मिळाले त्याला. दुरुस्तीसाठी काढलेल्या तीनशेहून अधिक तावदानांपैकी शेवटचं २०१८ साली परत बसलं. जगाच्या आरंभापासून अंतापर्यंत सगळं तिथे आहे. पण ते इतकं वर आहे की मान दुखते आणि चेहरे कळत नाहीत.

मग नदी ओलांडून नॉर्थ स्ट्रीटला. तिथे कुणी नव्हतं. खिडकी जवळ आहे बाई, खूप जवळ. खालची ओळ मला उभ्याउभ्या लावता आली. मी ती हळू आवाजात म्हणून पाहिली, मग जरा मोठ्याने. तीस वर्षं तुम्ही ही खिडकी स्लाइडवरून शिकवलीत, आणि चौथ्या दिवसाचे ते मासे कसे आहेत हे तुम्ही जसं सांगायचात तसेच ते आहेत. तिथे उभं राहून मला तुमचाच आवाज ऐकू येत होता. तुम्ही तिथे हव्या होतात. एवढं एकच मनाला लागून राहिलं.

साताऱ्यातल्या स्टुडिओतून सगळ्या तावदानांचे मोठे फोटो छापून घेतले आहेत. येत्या रविवारी दुपारच्या गाडीने येते. जेवणाचं टेबल रिकामं ठेवा. पंधराही दिवस खालून वर मांडू, आणि सातव्या दिवसाच्या ओळीतला एक शब्द मला अजून लागलेला नाही, तो तुम्हाला विचारायचा आहे.

तुमची विद्यार्थिनी