‘वारा सरतोय का?’ एवढं तरी विचारा

मा. संपादक,

तुमच्या आरोग्याच्या पानावर डायबेटिस आणि बीपीचं इतकं येतं की आता पाठ झालंय, पण आतडं बंद पडण्याबद्दल मी तरी कधी वाचलं नाही, म्हणून हे पत्र.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मोठ्या भावाच्या, वय 56, पोटात कळा सुरू झाल्या. घरात सगळ्यांचं एकच, नेवऱ्या (करंज्या) जास्त झाल्या. ओवा झाला, हिंग झालं, शेजारची मावशी येऊन बेंबी सरकलीय म्हणून खोबरेल लावून पोट चोळून गेली (आता आठवलं की अंगावर काटा येतो). जवळच्या एका क्लिनिकात नेलं तर पोटाला हात न लावताच गॅसचं इंजेक्शन आणि वर जुलाबाचं औषध. उलटी नाही ना, मग घाबरू नका म्हणाले. नंतर कळलं की अडथळा मोठ्या आतड्यात असेल तर उलटी उशिराच होते, त्यामुळे ती नाही म्हणून निश्चिंत राहायचं नसतं.

खरं तर असं दुखणं त्याला सहा-सात महिने अधूनमधून यायचं आणि आपोआप जायचं. एकदा सोनोग्राफी केली होती, रिपोर्टात लिहिलं की आतड्यातल्या गॅसमुळे नीट दिसत नाही, आणि आम्ही त्याचा अर्थ ‘गॅसच आहे’ असा घेतला!

तिसऱ्या रात्री पोट ढोलासारखं झालं, शौचाला नाही, वारापण सरत नाही, तेव्हा 108 बोलावली आणि बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात गेलो. तिथे पहिलाच प्रश्न, वारा सरतोय का? खाणंपिणं बंद, नाकातून नळी, सलाईन, रक्त तपासायला, मग उभं करून एक्सरे, त्यात फुगलेल्या आतड्यात हवेच्या आणि पाण्याच्या पातळ्या दिसल्या, आणि लगेच सीटी स्कॅन. सीटीत आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरलेला, दुर्बिणीची नळी नळीत सरकते तसा, आणि त्याच्या टोकाला 5 सेंमीची गाठ. लहान पोरांत असं आतडं शिरतं तेव्हा बहुतेक वेळा आत गाठ वगैरे काही नसतं, मोठ्या माणसात मात्र बहुतेकदा काहीतरी सापडतंच, आणि मोठ्या आतड्यात ते कॅन्सरचंही असू शकतं म्हणून पोरांसारखं गुदद्वारातून हवा भरून सोडवत बसत नाहीत, तेवढा भाग कापून आतडं परत जोडतात. दादाचंही तसंच ऑपरेशन झालं. वाट बघायलाही वेळ नव्हता, लहान आतड्याकडची झडप घट्ट असली तर हवा मागे जाऊ शकत नाही, सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग, फुगत जातं आणि 12 सेंमीच्या आसपास गेलं की फुटायची भीती.

सर्जन म्हणाले होते, सीटीत गाठ चरबीसारखी काळी दिसतेय, बहुतेक लायपोमा असेल, पण पक्कं पॅथॉलॉजीच सांगेल. रिपोर्ट येईपर्यंत वहिनीने घरात कॅन्सर हा शब्द कोणाला काढू दिला नाही. आला तो लायपोमाच, म्हणजे नुसती चरबीची गाठ. हिचा कॅन्सर होत नाही. 2 सेंमीपेक्षा लहान असली तर बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही, 4 च्या पुढे गेली की असा त्रास देते. पॉलिपची, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढणाऱ्या कोंबाची, गोष्ट वेगळी, त्यातल्या काही जाती वर्षानुवर्षांनी कॅन्सर होऊ शकतात म्हणून कोलोनोस्कोपीत (दुर्बीण घालून मोठं आतडं तपासतात त्यात) दिसल्या की काढून टाकतात. तेव्हा ‘साधी गाठ आहे, राहू दे’ हेही सगळीकडे चालत नाही.

माझा राग इंजेक्शनवर नाही, न विचारण्यावर आहे. आणि आपणपण कमी नाही, दादाने वारा सरत नाही हे दोन दिवस लाजेने वहिनीलासुद्धा सांगितलं नव्हतं. पोट फुगलंय, कळा येऊन जातात, शौच आणि वारा दोन्ही बंद, अशा माणसाला घरी एरंडेल पाजू नका आणि चोळू तर अजिबात नका. आरोग्य केंद्रांत डेंग्यूचे बोर्ड असतात, त्यांच्या शेजारी हे चार शब्द लावायला किती खर्च येईल?

दादा आता बरा आहे, नेवऱ्यांवरचा आरोपपण घरच्यांनी मागे घेतलाय.

एक वाचक, पेडणे