सूचना : २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी

'पाणी आणि पंचायत' अभ्यासगटातल्या सर्वांना,

गांधी जयंतीला आपण निवडलेल्या तिन्ही गावांत ग्रामसभा आहे. सकाळी ९ ला कॉलेजच्या गेटपाशी जमायचं. डबा आणि ओळखपत्र आणा.

एक गोष्ट पुन्हा सांगतो, कारण मागच्या वेळी गडबड झाली. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसं. आपण पाहुणे. ठरावाला हात वर करायचा नाही, सरपंचांना उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायचे नाहीत. मागे बसून नोंदी घ्या: कोण बोललं, बायका किती होत्या, पाण्याचा विषय कितव्या क्रमांकाला आला. महिलांची सभा ग्रामसभेआधी घ्यावी असा नियम आहे. ती झाली का, हे ग्रामसेवकांना नाही, आधी बायकांनाच विचारा. उत्तरं बऱ्याचदा वेगळी येतात!

फोटो, रेकॉर्डिंग परवानगीनेच.

माहिती अधिकाराचे अर्ज राहिलेल्यांनी शुक्रवारपर्यंत मला दाखवा. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प विसरू नका. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणजे आता उशीर केला तर अहवाल दिवाळीनंतरच.

येणार नसाल तर आजच कळवा, जीपमध्ये जागा मोजक्या आहेत.

– गटप्रमुख